दारापासून दारापर्यंत

तुमची मुलगी ‘पाच तासांचं विमान आहे’ एवढंच सांगून घरातून निघाली आणि बारा तास तिचा फोन आला नाही, तर मधल्या सात तासांतल्या तुमच्या घालमेलीचा जाब कोणाला विचारायचा?

बडोद्यात मांडवीजवळच्या आमच्या गल्लीत कंट्रोलरकाका होते तोवर हा प्रश्न उठत नसे. त्यांची सगळी नोकरी रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात, कोणती गाडी कुठे आहे हे सांगण्यात गेली. निवृत्तीनंतर त्यांनी गल्लीतल्या लोकांची विमानं हाती घेतली. विमानतळ ते विमानतळ अंतर किती, तास किती, हे नेटवरचं उत्तर त्यांना चालत नसे. “माणूस काय विमानतळावर राहतो?” मांडवीतली गर्दी, अहमदाबादचा रस्ता, तिथल्या रांगा, मधला मुक्काम, पलीकडे बॅगांची वाट बघणं, सगळं मिळवून पोचण्याची वेळ ते कागदावर लिहीत. हा कागद जाणाऱ्याला नाही, मागे राहणाऱ्याला मिळे.

शेजारच्या हंसाबेनचा मुलगा टोरांटोला निघाला तेव्हा त्या दारातच रडत उभ्या होत्या. “काका, केटला वागे पोंचशे?” काकांनी कागद दिला. “उद्या संध्याकाळी सात. तोपर्यंत काळजी करायची नाही. सातनंतर माझ्याकडे या, दोघं मिळून करू.”

मी चळवळीतल्या वडिलांच्या पत्रकांवर वाढलेली. कॉलेजात स्वतःची लिहून वाटायचे. गल्लीत ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे काका एकटेच. “‘नवी पहाट येणारच’ असं लिहिलंयस. किती वाजता, बाईसाहेब?” मी चिडले. “चिडतेस कशाला? लोकांना वाट बघायला लावतेस, तर वेळ सांगायला नको?” ते वाक्य मी पुन्हा कधी लिहिलं नाही.

गेल्या वर्षी काकांचं हृदय थकलं. दोन-तीन दिवस काढतील, असं डॉक्टर म्हणाले. त्यांची मुलगी अनघा मेलबर्नहून निघाली. संध्याकाळी सहाला पोचेल, हे काकांनी पडल्यापडल्या स्वतःच काढलं होतं. दुपारी तिचा मला फोन आला : सिंगापूरला विमान बिघडलंय, आता उद्याच. काकूंनी माझा हात धरला. “त्यांना सांगू नकोस गं. येतेच आहे म्हण.”

आणि चौकात उभी राहून खऱ्यासाठी भांडणारी मी काकांना म्हणाले, “येतेच आहे.”

काकांनी घड्याळाकडे पाहिलं. “येत असती, तर एव्हाना अहमदाबादला उतरून तिनं मला फोन केला असता. कुठे अडकली?”

मी सांगितलं. विमान तिथून भारताच्या वेळेनं सकाळी साडेपाचला सुटणार, हेही सांगितलं. काका ओठ हलवत मोजत राहिले. “मग उद्या अडीच. हे आधी सांगायचं ना. मी उगाच दाराकडे बघत जागा.” त्यांनी डोळे मिटले आणि दोन दिवसांत पहिल्यांदा गाढ झोपले.

अनघा पोचली तेव्हा पावणेतीन वाजले होते. “पंधरा मिनिटं लेट,” काका म्हणाले आणि तिचा हात त्यांनी सोडलाच नाही. तिसऱ्या दिवशी ते गेले, तेव्हाही त्यांचा हात तिच्याच हातात होता.

खोटा दिलासा ही दया नव्हे. वाट बघणाऱ्याची ती फसवणूक आहे, आणि ती मीही केली होती. म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. यापुढे लांबच्या प्रवासाला निघाल तेव्हा ‘पोचल्यावर फोन करते’ म्हणून सुटू नका. दारापासून दारापर्यंतचा वेळ मोजा, लिहा आणि घरी थांबणाऱ्याच्या हातात द्या. वाटेत अडकलात, तर तेही त्यांना लगेच कळवा.