मंत्र्यांच्या ताटातली भाकरी

बाळांनो, नेत्यांनी लोकांच्या जेवणाकडे आधी का पाहावं, असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत, म्हणून जुन्या जालन्यातल्या आमच्या रेशन दुकानदाराबद्दल लिहिते. तोंडात सतत सुपारी आणि प्रत्येक बाईला "बोला, अक्का."

एकदा कुबट ज्वारी आली. तक्रार केली तर परवाना जाईल, अशी त्यांना वरच्या अधिकाऱ्यांची तंबी होती. तेवढ्यात मंत्री पाहणीला आले. जेवण दुकानदारांच्याच घरी ठरलं. त्यांनी मंत्र्यांना त्याच ज्वारीची भाकरी वाढली.

"साहेब, गोरगरीब हेच खाऊन राह्यलेत. एक घास घ्या, मंग बोला."

मंत्र्यांनी घास कसाबसा गिळला. लगेच पोती बदलायला लावली. पुढे दुकानदारांचा परवानाही गेला.

"ज्वारी तर बराबर आली ना, अक्का?" एवढंच ते मला म्हणाले.

दुकान आता दुसऱ्याचं आहे. तिथे अजून बायका आधी दाणे हुंगतात, मगच माप सुरू होतं.