विहीणबाईंची ओटी आणि मांडवीची भरती

तर आज एस्टीतून सगळ्यांच्या आधी उतरल्या त्या आमच्या विहीणबाई! कोल्हापूरहून आल्या, माझ्या सुनेला बाळंतपणाला माहेरी न्यायला. चहासुद्धा धड घेतला नाही. म्हणे, आधी समुद्राची ओटी भरायची. जन्मात पहिल्यांदा समुद्र बघणार होत्या.

गेलो आम्ही तिघी मांडवीच्या किनाऱ्यावर. कठड्यापाशी ही गर्दी! माझे गुडघे तिथेच कुरकुरायला लागले. खाली काळ्या वाळूत उतरून बाईंनी नारळ पाण्यात सोडला, तर लाटेनं आणून परत पायाशी ठेवला. पुन्हा सोडला, पुन्हा तेच. बाईंचा चेहरा पांढराफटक.

"समुद्रानं ओटी परत केली वो! माझ्या पोरीचं आता कसं व्हायचं?"

सूनपण रडवेली झाली.

मी म्हटलं, "अहो विहीणबाई, भरती चढत्येय. आता मला ढकललंत तरी मी पायाशीच येणार! ओहोटी लागू दे."

मग बसलो कठड्यावर, दिवस कलेपर्यंत. कंबरेचा पार काटा ढिला झाला. पाणी ओसरायला लागलं तशी त्यांचा हात धरून गुडघाभर पाण्यात उतरले. लहानपणी इथेच पोहायला शिकल्ये मी. ह्या वेळी नारळ डुलत डुलत आत गेला. बाई इतक्या हसल्या, की तिथेच बसकण मारून लुगड्यासकट अंघोळ केली!

आता पाय शेकत लिहित्ये. जीव दमलाय, पण झोप कुठली येत्येय? बायांनो, तुमच्याकडे भरतात का गं अशी ओटी?

उद्या सकाळी सुनेला घेऊन निघतील. म्हणाल्या, "बाळाला सव्वा महिना झाला, की त्याच दिवशी आणून तुमच्या मांडीवर ठेवते."