बिनप्लास्टरची भिंत

एका मंगळवारी सकाळी माझी बायको नंदा गेली. त्याला आता दोन वर्षं झाली.

आज समोरच्या प्लॉटवर नव्या स्लॅबला पाणी मारत होते. ओल्या सिमेंटचा वास खिडकीतून आत आला आणि नोएडातलं हे आमचं घर मला पुन्हा अर्धवट बांधलेलं दिसू लागलं. घराचा आराखडा नंदाचाच. बांधकाम चालू असताना एका दुपारी मिस्त्री हॉलच्या काँक्रीटच्या भिंतीवरून साच्याच्या फळ्या काढत होता. फळ्यांच्या लाकडातल्या रेषा, गाठीसुद्धा भिंतीवर उमटल्या होत्या.

"मॅडम, प्लास्टर नहीं करेंगे तो लोग समझेंगे, घर अधूरा छोड़ दिया," तो म्हणाला.

"समझने दो, भैया!" नंदा हसली आणि माझ्याकडे वळली. "अरे, हात लावून बघ ना. झाडासारखी लागते."

मी हात लावला नाही. "आई-बाबा येतील तेव्हा काय म्हणतील? प्लास्टर करून घे."

ती भिंतीवर तळवा ठेवून थोडा वेळ उभी राहिली. "अच्छा, ठीक आहे," एवढंच म्हणाली.

प्लास्टर नीट धरावं म्हणून मिस्त्रीने आधी छिन्नीने सगळी भिंत टोचून काढली, त्या रेषा आणि गाठींसकट. आई-बाबा आले, तेव्हा त्यांचं त्या भिंतीकडे लक्षही गेलं नाही.

आता हॉलमध्ये एक गुळगुळीत पांढरी भिंत आहे.