पिवळं पाणी

आमच्या घरात कावीळ उतरवतात. म्हणजे वडील, आण्णा, उतरवतात, त्यांच्या आधी आजोबा उतरवायचे. रविवारी आणि बुधवारी खर्ड्याकडून, जामखेडकडून माणसं येतात. आण्णा रोग्याच्या हातांना आंब्याच्या सालीचा रस चोळतात आणि मग पांढऱ्या परातीत चुन्याच्या निवळीनं ते हात धुतात. पाणी पिवळं होतं. ती कावीळ. पाच दिवस धुतलं की उतरते.

आण्णा याचं काही घेत नाहीत, चहासुद्धा नाही. घेतलं तर हाताचा गुण जातो. धुता धुता त्यांचेही तळवे पिवळे होतात. रोग्याची कावीळ आपल्यावर येते असं ते मानतात, म्हणून त्या दिवशी दिवस मावळेपर्यंत जेवत नाहीत. हे मुद्दाम लिहितोय, कारण कॉलेजात एकाला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे तुझा बाप भोंदू." आण्णा भोंदू नाहीत. तसे असते तर मला सोपं गेलं असतं.

आक्का काष्टीला दिलेली. पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यात माहेरी आली आणि आठवड्यात तिचे डोळे पिवळे झाले. मी बारावीला होतो. आण्णांनी तिला परातीपुढं बसवलं, तांब्या मी धरला. पहिल्या दिवशी पाणी पिवळं आलं, दुसऱ्या दिवशी गर्द.

"आज लई निघाली," मी म्हणालो.

"निघू दे. कशात तरी पयला नंबर आला माझा," आक्का म्हणाली.

तिसऱ्या दिवशी भावजींचा फोन आला. आण्णांचे हात परातीत होते, म्हणून मी घेतला. गाडी घेऊन येतो, नगरला दाखवू, असं ते म्हणत होते.

"कशाला भावजी? पानी पिवळं येतंय. उतरतीय."

ते थांबले. माझ्या शब्दावर थांबले.

पाचव्या दिवशी आक्का बरळायला लागली, आईला ओळखेना. टेम्पोत घालून निघालो. नगर यायच्या आधीच ती गेली, पोटातलं बाळही गेलं. दहाव्यानंतर आण्णा एवढंच म्हणाले, "पोटच्या पोरीला बापाचा हात लागू पडत न्हाई. आज्जा सांगायचा." मला ते पटलं. पटवून घेण्याशिवाय दुसरं काय होतं?

पुढच्या वर्षी बीएस्सीला नगरला आलो. एका प्रॅक्टिकलला सरांनी हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी टाकली आणि पाणी लाल झालं. सगळे वहीत लिहायला लागले. मला लिहिता येईना.

त्या दिवशी हॉस्टेलमागच्या आंब्याची साल खरवडली, टपरीवरून चुना आणला आणि बादलीत स्वतःचे हात धुतले. पाणी पिवळं झालं. खोलीतल्या मित्राचे धुतले, तेही पिवळं. "मलापण झाली का रे?" त्यानं हसत विचारलं. आम्हा दोघांनाही काही झालेलं नव्हतं.

त्यानंतर दोन सुट्ट्यांना घरी गेलो आणि गप्प बसून परत आलो. पाणी खोटं आहे म्हणणं म्हणजे, आक्काला आपण पाच दिवस घरात ठेवलं म्हणणं. आण्णांना ते झेपेल का, हा प्रश्न होता. खरं तर मलाही झेपत नव्हतं. फोन मी घेतला होता.

यंदा उन्हाळ्यात एक बाई सुनेला घेऊन आली. सून सहा-सात महिन्यांची गरोदर, डोळे आक्कासारखे. मी म्हणालो, "मावशी, आधी रक्त तपासून घ्या."

"दवाखान्यात काविळीवर औषध नसतं, बाबा. कॉलेजात शिकवलं न्हाई व्हय?"

आण्णांनी सुनेचे हात चोळायला घेतले. मी वाटीतला रस माझ्या हातांना चोळला आणि परातीत निवळीनं ते धुतले.

"ही काय थेरं?" आण्णा म्हणाले.

"बघा तरी."

पाणी पिवळं झालं. बाई म्हणाली, "मेसचं खाऊन कावीळ घिऊन आलंय की तुमचं पोरगं."

"मला कावीळ नाही, आण्णा. डोळे बघा."

त्यांनी अंगठ्यानं माझी पापणी खाली ओढून पाहिलं. मग परातीकडं पाहिलं, परत माझ्याकडं. त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, कळलं त्यांना.

"हात उतरला तुझ्यात," ते म्हणाले. "रोग न्हाई अन् पानी पिवळं. तिची कावीळ तू बसल्या जागी वढलीस. मला वाटलं हुतं, हाताचा गुण आक्कासंगं गेला आपल्या घरातनं."

आक्का गेल्यापासून त्यांचा चेहरा असा मी पाहिला नव्हता. बाईनं सुनेचे हात त्यांच्या पुढ्यातून काढून माझ्यापुढं धरले.

सांगायचं ते मी महिनोन् महिने मनात घोळवलं होतं. त्यातलं एकही वाक्य बोललो नाही. पोरीचे हात धरले आणि म्हणालो, "माझ्या हाताला लागतंय, ही इथं उतरायची नाही. आजच नगरला न्या. आत्ता." रक्त तपासा म्हटल्यावर न हललेली बाई लगेच उठली.

सून वाचली. बाळ गेलं. गावात म्हणतात, पोराचा हात बापापेक्षा सरस, नुसता धरून ओळखतो. आता माझ्यासाठी माणसं येतात. आण्णांनी त्यांच्या पाटाशेजारी दुसरा पाट टाकलाय. प्रत्येकाचा हात धरतो आणि नगरला पाठवतो. पण का, ते सांगत नाही. आण्णांना तर नाहीच. पोरगं खोल कावीळ ओळखतंय, असं ते सगळ्यांना सांगतात. साधी कावीळ आपण उतरवू, असं मला म्हणतात.

कावीळ धरलेल्या हातानं दिवस मावळेपर्यंत जेवू नये, असंही त्यांनी मला सांगितलंय. गेल्या रविवारी आईनं ताट वाढलं, तर मी ते झाकून ठेवायला सांगितलं.