नायकाचं कडवं

मी सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवर केमिकल इंजिनिअर आहे. भुताखेतांचा विषय निघाला की टिंगल करणाऱ्यांत माझा पहिला नंबर... त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय.

माझा दादा मर्चंट नेव्हीत होता. मागच्या वर्षी भर समुद्रात जहाजावरून बेपत्ता झाला. शोध थांबला, देह मिळाला नाही. वहिनी सिंगापुरातच नोकरी करतात. तेव्हापासून त्या आमच्या फ्लॅटवर राहतात.

दोघांचं एक लाडकं गाणं होतं. एका जुन्या ऑपेरेटातलं — म्हणजे युरोपातलं संगीत नाटकच — प्रेमाचं द्वंद्वगीत. त्याचं इंग्रजी रेकॉर्डिंग फार गाजलेलं. आधी नायिकेचं कडवं, मग नायकाचं. जहाजाला नेटवर्क मिळालं की दादा फोनवर आपलं कडवं गायचा, वहिनी त्यांचं. दादाच्या सुराचा आनंदीआनंदच होता! पण दुसऱ्याचं कडवं कुणी म्हणायचं नाही, हा त्यांचा नियम.

पुण्यात आईने दर्भाचा पुतळा करून दादाचे अंत्यविधी करायचं ठरवलं. वहिनी तयार होईनात. त्यांना समजवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, म्हणून एका रविवारी त्यांना जवळच्या पुलाउ उबीन बेटावर घेऊन गेलो. खरं सांगतो, मलाही ते एकदाचं संपायला हवं होतं.

जेट्टीजवळ कॉफी घेत बसलो. मी विषय काढणार, तेवढ्यात दुकानातल्या स्पीकरवर तेच गाणं लागलं. नायिकेचं कडवं झालं... आणि पुढे नुसती वाद्यं!

स्पीकर बिघडला असेल म्हणून मी म्हाताऱ्या चिनी दुकानदाराला विचारलं, "अंकल, मॅन्स व्हॉइस नो साउंड?"

"गॉट, व्हॉट! सो लाउड, लाह!" आहे की, चांगला मोठा आहे, असं त्यांच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणून ते त्या आवाजाबरोबर गुणगुणायला लागले. शेजारच्या टेबलावरची दोन माणसंही गुणगुणत होती.

वहिनींनी माझा हात घट्ट धरला. "भाऊजी, तुम्हालाही ऐकू येत नाही ना? मला वर्षभर नाही येत. वाटायचं, वेड लागलंय मला... तुमच्या दादासाठी त्या गाण्यात जागा ठेवलीय कुणीतरी. मी नाही करू देणार ते विधी."

घरी येऊन मी आईला नाही म्हणून कळवलं. ती अजून माझ्याशी बोलत नाही.

नंतर कान तपासून घेतले, ठणठणीत आहेत. गाणं चार ठिकाणी लावून पाहिलं — नायक गप्पच. वहिनी मात्र नीट जेवायला लागल्या, हसायला लागल्या.

हे असं का झालं, मला आजही सांगता येत नाही. आणि काल कंपनीच्या बसमध्ये हेडफोन लावले, तर नायकाचं कडवं मला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकू आलं. घरी आलो तेव्हा वहिनी तेच गाणं लावून बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "बघा भाऊजी, अजून जागा रिकामीच आहे."

मी हो म्हणालो.