नळाला शिसं

ती बसमध्ये कंडक्टर होती. आवाज असा, की ‘पुढे सरका’ म्हटलं की बसलेली माणसंही उठून उभी राहायची. घरात मात्र सासूबाईंशी हळू बोलायची, आणि पाच वर्षांच्या लेकीशी त्याहून हळू.

लेक बडबडी होती. मग तिचं पोट दुखायला लागलं, जेवण सुटलं. येणारी अक्षरं ती विसरू लागली, बोलता बोलता अडू लागली. शेजारीण म्हणाली, "लाडाने बिघडलीय." कंडक्टरबाई मात्र पाणी आणखी वेळ उकळू लागली आणि निववून, पेल्यामागून पेला लेकीला पाजू लागली.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, तर रक्तात शिसं निघालं. म्हणाल्या, "जुन्या नळ्यांतून पाण्यात उतरतं."

"पण मी तर उकळून देते."

"उकळल्याने जंतू मरतात. शिसं जात नाही. पाणी आटतं, ते तेवढंच राहतं."

आपल्याच हाताने पाजलं, हे तिच्या काळजात रुतून बसलं.

पाणी खात्याचे साहेब म्हणाले, दोष घरमालकाच्या नळीचा. घरमालक म्हणाला, दोष रस्त्यातल्या नळीचा. दोघांनी मिळून तिचा चेंडू केला. पुन्हा एकदा ती साहेबांसमोर बसली होती, तेव्हा शिपायाने कोपऱ्यातल्या विकतच्या जारमधून साहेबांना पाणी दिलं.

"नळाचं का नाही पीत, साहेब?"

"अहो, इमारत केवढी जुनी आहे ही," साहेब बोलून गेले.

"म्हणजे ठाऊक होतं तुम्हाला."

"बाई, आवाज वाढवू नका."

"अजून वाढवलेलाच नाही," ती म्हणाली. आणि मग वाढवला.

बाहेर रांगेत उभी असलेली माणसं आत शिरली. त्यांच्या घरीही तसलेच जुने नळ होते. तिने तिथेच फतकल मारली. "रस्ता खणायला माणसं निघेपर्यंत मी हलत नाही." संध्याकाळी नातीला कडेवर घेऊन सासूबाई आल्या, मागोमाग गल्लीतल्या बायका. साहेब नरमले. "आजी, चहा घेता?"

"कुठल्या पाण्याचा?" सासूबाईंनी विचारलं.

रस्ता खणला गेला. नखाने ओरखडा उठावा इतक्या मऊ, करड्या नळ्या निघाल्या. घरमालकाच्या जिन्याखालीही तसलीच नळी निघाली. दोघेही खोटं बोलले होते. साहेबांची बदली झाली, तीही चांगल्या जागी.

लेकीचं पोट आता दुखत नाही. काही शब्द परत आले, काही नाही. गेलेलं सगळं येईलच असं नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. लोक म्हणतात, काम झालं ना, आता राग सोड.

ती सुट्टीच्या दिवशी पलीकडच्या गल्लीत जाते, दारं ठोठावते, नळ दाखवा म्हणते. परवा एकाने आतूनच सांगितलं, "आमच्या घरी सगळे ठणठणीत आहेत, बाई."

"माझ्याही घरी होते," ती म्हणाली. "दार उघडा."