वहिनीच्या लाल चिठ्ठ्या

माझ्या वहिनीला गल्लीत सगळे ‘लाल चिठ्ठी’ म्हणतात. तोंडावर नाही, तोंडावर ताई. आमच्या आणि मागच्या गल्लीचा कचरा तपासायला नगरपालिकेने तिला नेमलं, त्याला चार वर्षं झाली. ओला एका डब्यात, सुका दुसऱ्या, बाटल्या धुऊन. चुकलं की दारावर लाल चिठ्ठी. तीन चिठ्ठ्या झाल्या की महिनाभर गाडी त्या घराचा कचरा उचलत नाही. सकाळी आठला ती हातमोजे चढवून निघायची आणि प्रत्येक डब्यात कोपरापर्यंत हात घालायची. दाढीचं ब्लेड ओल्यात टाकलं म्हणून तिने एकदा दादाला, म्हणजे स्वतःच्या नवऱ्याला चिठ्ठी लावली होती. दादा दोन दिवस घुम्यासारखा बसला, ही खुशाल जेवली.

चिठ्ठ्या मी लिहायचो. तिचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, माझं छापल्यासारखं. “तुझ्या अक्षरात शिक्षासुद्धा निमंत्रणपत्रिका वाटते रे,” ती म्हणायची. रोज संध्याकाळी ती घराचा क्रमांक सांगायची, मी खाली कारण लिहायचो. आई गेली तेव्हा मी आठवीत होतो. तेव्हापासून माझं सगळं वहिनीनेच केलं. हे आत्ताच सांगून टाकतो, पुढे सांगायला तोंड राहणार नाही.

गेल्या वर्षी आमची गल्ली अचानक सुधारली. सहा महिने एकही चिठ्ठी नाही. वहिनीचे पाय जमिनीवर नव्हते. नगरपालिकेच्या साहेबांना ती ऑफिसात छातीठोकपणे म्हणाली, “माझी गल्ली येऊन बघा. माझी माणसं आहेत ती.”

मागच्या गल्लीत मात्र घड्याळं दुरुस्त करणाऱ्या आजोबांच्या फाटकाशी रोज कचऱ्याची पोती पडायला लागली. वहिनीने त्यांना एक चिठ्ठी लावली, मग दुसरी. तिसरीच्या दिवशी आजोबा आमच्या दारात आले.

“बाई, माझ्या घरात माणसं दोन. त्यातलं एक अंथरुणाला खिळलेलं. आठवड्याला सात पोती? आम्ही खातो तरी किती?”

“आजोबा, नियम सगळ्यांना सारखा,” वहिनी म्हणाली. “माझ्या गल्लीकडे बघा जरा.”

ते गेले. तिने क्रमांक सांगितला आणि मी चिठ्ठी लिहिली. अक्षर नेहमीसारखं, छापल्यासारखं.

आणि ती पोती मीच तिथे टाकत होतो. कल्पना आमच्या गल्लीतल्या शिवणवाल्या मावशींची. मावशी म्हणजे वहिनीची जिवाभावाची मैत्रीण, पहिल्या दिवसापासून तिच्याबरोबर दारोदार फिरलेली. पण बाटल्या धुवायचा आणि वाळवायचा गल्लीला कंटाळा. मग प्रत्येकाने चार धुतलेल्या बाटल्या आणि दोन खोकी तपासणीपुरती ठेवली. आठला डब्यात, तपासणी झाली की परत घरात. आमच्या शेजाऱ्यांची झाकण तुटलेली निळी बाटली सहा महिने हेच करत होती, आणि वहिनी दर वेळी तिचं कौतुक करायची. खरा कचरा सगळा एकत्र पोत्यात. पोती न्यायला मी, कारण पहाटे पावाच्या कारखान्याची गाडी घेऊन मी तिकडूनच जातो. मावशी म्हणाल्या, “तिला बरं वाटतंय ना? मग झालं तर.” मला ते पटलं. खरं सांगायचं तर घराघरातून चहा मिळत होता, तेही पटलं.

आजोबांचा कचरा उचलणं बंद झालं. घरात आजारी बाई, आणि खिडकीखाली तो वास. एके सकाळी त्यांनी एक पोतं रस्त्यावरून ओढत वहिनीपुढे आणलं.

“तुम्ही सगळ्यांचे डबे उघडता. हेही उघडा.”

तिने ते रस्त्यावर उलटं केलं. भाजीच्या देठांत हिरव्या कापडाच्या चिंध्या होत्या. तिने आधी चिंधी पाहिली, मग अंगातला कामाचा हिरवा कोट. तो मावशींनी मागच्याच आठवड्यात शिवून दिला होता. मग तिने रिकामं पोतं सरळ केलं. त्यावर आमच्या कारखान्याचा शिक्का होता. मी गाडी पुसत समोरच उभा होतो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

ती चिंध्या मुठीत घेऊन मावशींच्या दारात गेली.

“अगं, तुझ्यासाठीच केलं,” मावशी म्हणाल्या. “तुझंच नाव झालं ना?”

“माझ्या हातून त्या म्हाताऱ्याला छळलंत,” वहिनी म्हणाली. मुठीतल्या चिंध्या तिने पुढे केल्या. “शिव्या दिल्या असत्यात, चालल्या असत्या. केसाने गळा कापलात गं माझा.”

मग ती मागच्या गल्लीत गेली. आजोबांच्या दारावरच्या तिन्ही चिठ्ठ्या तिने नखांनी खरवडून काढल्या आणि सगळ्यांदेखत त्यांचे पाय धरले. सात पोत्यांचा कचरा तिने एकटीने वेगळा केला. मी मदतीला गेलो तर म्हणाली, “हात लावू नकोस.”

संध्याकाळी ती नेहमीसारखी टेबलाशी आली. एक कोरी लाल चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली.

“लिही.”

“कुठलं घर?”

तिने चिठ्ठी आणखी पुढे सरकवली. मी आमच्याच घराचा क्रमांक लिहिला. पुढे माझं नाव लिहिलं. कारणापाशी पेन अडलं.

“वहिनी, कारण काय लिहू?”

“इतके दिवस तुलाच सुचत होतं की,” ती म्हणाली.

चिठ्ठी तिने दारावर लावली. आता तीन महिने झाले. त्यानंतरच्या सगळ्या चिठ्ठ्या ती स्वतःच लिहिते, वाकड्यातिकड्या अक्षरांत. लोकांना वाचता येत नाहीत, तर ती दारात उभी राहून वाचून दाखवते. मी रोज पेन काढून टेबलावर ठेवतो.